नाशिकची बाटली, फ्रान्सचं नाव

प्रश्न : नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला पोरांनी चंदेरी कागद गुंडाळलेली एक बाटली आणली आणि केक कापताना ती फोडली. सगळे तिला शॅम्पेन म्हणत होते. मी चष्मा लावून बाटलीवरचं वाचलं, तर आत सफरचंदाचा रस आणि गॅस. नाशिकला नोकरीला असलेला भाचा म्हणाला, ‘मामा, खरी शॅम्पेन आमच्या दिंडोरीत बनते.’ सूनबाई म्हणते, ‘ती फक्त फ्रान्समध्ये बनते, बाकी सगळी नक्कल.’ यात खरं कुणाचं? आणि नाशिकची गोदावरीच पुढे आमच्या घाटावरून जाते. मग तिथे जमतं ते आमच्याकडे का जमत नाही?
– एक वाचक, गंगाखेड

उत्तर : वाढदिवसाच्या बाटलीचा निकाल आधी लावून टाकू. ती शॅम्पेन नव्हती आणि वाईनही नव्हती. रसात सिलिंडरमधला गॅस भरलेला होता, म्हणजे जातकुळीनं ती गोटी सोड्याचीच बहीण. वर्षाच्या नातवाच्या कार्यक्रमाला तेच योग्य. उरला भाचा आणि सूनबाईचा वाद. सूनबाईचं म्हणणं खरं आहे, ‘नक्कल’ हा शब्द तेवढा मागे घ्यावा लागेल. भाच्याची माहिती चुकीची नाही, पण त्यानं नाव चुकीचं वापरलं. कसं ते पाहू.

शॅम्पेन हा फ्रान्समधला एक मुलूख आहे. पॅरिसच्या ईशान्येला दीडेकशे किलोमीटरच्या आत रँस आणि एपर्ने ही त्यातली दोन मोठी गावं. रँसच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत, त्यामुळे आसपासची वाईन फार पूर्वीपासून दरबारी पंगतीत गेली. आज तिथल्या द्राक्षबागा सुमारे ३४,००० हेक्टरवर आहेत. परभणी जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या पंधराव्या हिश्श्याहूनही हे कमी भरतं, पण युरोपात आणि इतर बहुतेक देशांत या नावानं बाटली विकायची तर तिच्यातली द्राक्षं एवढ्याच जमिनीतली असावी लागतात. खाली खडूचा खडक आहे. तो पाणी धरूनही ठेवतो आणि जादाचं सोडूनही देतो. याच खडकात खोदलेल्या थंडगार तळघरांत कोट्यवधी बाटल्या निजलेल्या असतात.

आता फेस. तो मुळात हवामानाच्या खोडीतून आला. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतं. साध्या वाईनमध्ये हा वायू पिंपातून उडून जातो आणि कुणाला त्याची आठवणही राहत नाही. पण शॅम्पेन मुलूख थंड. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान ११ अंशांच्या आसपास. सप्टेंबरात द्राक्षं तोडली, रस आंबायला ठेवला, की पाठोपाठ थंडी पडायची आणि यीस्ट अर्ध्यातच काम थांबवायचं. लोकांना वाटायचं वाईन तयार झाली. मग वसंतात ऊब आली की तेच यीस्ट उरलेल्या साखरेवर पुन्हा तुटून पडायचं, पण एव्हाना वाईन बंद बाटलीत असायची. वायूला वाट नाही, काच कमजोर. बाटली फुटायची आणि तिच्या धक्क्यानं शेजारच्याही फुटायच्या. तळघरात काम करणारे लोक तोंडावर लोखंडी मुखवटे घालून फिरत. ज्या फेसासाठी आज लोक पैसे मोजतात, तो त्या काळच्या शेतकऱ्याला रोगासारखा वाटत होता.

इथे एक लाडकी कथा बाजूला सारायला हवी. दोम पेरिन्यों नावाच्या आंधळ्या साधूनं शॅम्पेनचा शोध लावला आणि ‘मी तारे पितो आहे’ असं तो ओरडला, अशी ती कथा. हा माणूस खरा होता. एपर्नेजवळच्या मठाचं कोठार त्यानं १६६८ पासून १७१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत सांभाळलं. पण तो आंधळा होता याला आधार नाही, आणि तारे पिण्याचं वाक्य कित्येक वर्षांनी जाहिरातदारांनी त्याच्या तोंडी घातलं. वाईनमध्ये फेस येऊ नये म्हणूनच तो बिचारा धडपडत होता. त्याचं मोठेपण दुसरीकडे आहे. वेगवेगळ्या बागांची द्राक्षं हिशेबानं एकत्र करून एकच सरस वाईन साधायची, ही रीत त्यानं बसवली. फेसाचं कौतुक आधी इंग्रजांना झालं. दगडी कोळशाच्या भट्टीत ते जाड, मजबूत काच करत, त्यामुळे त्यांच्या बाटल्या तग धरत. साखर घालून वाईनला मुद्दाम फेस आणतात, असं ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्यानं १६६२ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडलेलं आहे. तेव्हा पेरिन्यों मठाच्या कोठारात रुजूही झालेला नव्हता.

आज हे काम नशिबावर सोडत नाहीत. आधी साधी, चांगलीच आंबट वाईन तयार करतात. ती बाटलीत भरताना लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून झाकण ठोकतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होते आणि वायू वाईनमध्येच विरघळतो. आतला दाब वातावरणाच्या पाच ते सहा पट होतो; मोटारीच्या टायरमध्ये भरतो त्या हवेच्या अडीच पट तरी धरा. तळ आत दबलेली जाड बाटली आणि बुचावर तारेची जाळी असते ती यासाठी. बूच माणसांकडे रोखून उडवण्याची जी हौस लग्नकार्यात दिसते, तिनं डोळा जाऊ शकतो. जाणकार बूच घट्ट धरून बाटली फिरवतात आणि आवाज जवळजवळ होऊ देत नाहीत.

काम संपल्यावर यीस्ट मरतं आणि बाटलीत गाळ होऊन बसतं. हा गाळ घाईनं काढायचा नसतो, कारण त्याच्या सहवासात वाईनला ताज्या पावासारखा वास येतो. साध्या शॅम्पेनलाही विक्रीआधी किमान १५ महिने तळघरात काढावे लागतात. ज्या बाटलीवर विशिष्ट साल छापायचं तिला तीन वर्षं. पण शेवटी गाळ तर काढायचा आणि फेस तर ठेवायचा, हे कसं जमावं? हे कोडं एका विधवेच्या तळघरात सुटलं. बार्ब-निकोल क्लिको या बाईंचा नवरा १८०५ मध्ये वारला तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. धंदा विकून टाकण्याऐवजी त्यांनी तो हातात घेतला. त्यांच्याकडे तिरप्या भोकांच्या फळीत बाटल्या उलट्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवण्याची युक्ती निघाली. असं काही आठवडे केलं की गाळ घसरत घसरत बुचापाशी येऊन बसतो. आता बाटलीची नुसती मान उणे तापमानाच्या द्रवात बुडवतात. गाळाचा बर्फाळ गोळा होतो, झाकण काढताच आतल्या दाबानं तो बंदुकीच्या छऱ्यासारखा बाहेर उडतो आणि वाईन जवळपास जागच्या जागी राहते. रिकामी झालेली जागा थोड्या गोड वाईननं भरून काढतात. त्या गोडीवरून नाव ठरतं. ‘ब्रूत’ लिहिलेल्या बाटलीत लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. शॅम्पेन म्हणजे गोड सरबत, अशी समजूत असलेल्यांची पहिल्या घोटाला फजिती होते ती इथेच.

आणखी एक गंमत. पांढरी वाईन पांढऱ्या द्राक्षांचीच असणार असं आपण धरून चालतो. शॅम्पेनसाठी मुख्यतः तीन वाण लावतात: शार्दोने, पिनो न्वार आणि मुनिए. त्यातली दोन काळी आहेत! द्राक्षाचा रंग सालीत असतो, रसात नसतो. हलक्या हातानं पिळलं तर काळ्या द्राक्षाचाही रस पाण्यासारखा निघतो. म्हणून तिथे यंत्रानं तोडणी करायला बंदी आहे. घड हातानंच कापायचा, मणी फुटू द्यायचा नाही. ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरपेक्षा जास्त रस घ्यायचा नाही, हाही नियमच. एकरी उताराही बांधून दिलेला असतो. तो दरवर्षी थोडा बदलतो, पण साधारण चार टनांच्या आसपास राहतो. आपल्याकडचा खाण्याच्या द्राक्षांचा बागायतदार हा आकडा ऐकून हसेल, पण तिथे किलोला सहा युरोहून अधिक भाव मिळतो हे ऐकून त्याचं हसू थांबेल.

हा भाव आपसूक मिळालेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं वेली खाल्ल्या, ओळीनं काही हंगाम बुडाले, आणि त्यातच काही व्यापारी दुसऱ्या प्रांतांतली स्वस्त द्राक्षं आणून त्यांची ‘शॅम्पेन’ करून विकू लागले. १९११ मध्ये शेतकऱ्यांचा संयम सुटला. बाहेरून आलेली वाईन मार्न नदीत ओतली गेली, आयी या गावात व्यापाऱ्यांची कोठारं फोडून जाळली गेली आणि सरकारला सैन्य पाठवावं लागलं. हद्द कुठून कुठपर्यंत, यावर पुढेही बरीच वर्षं भांडण चाललं. १९२७ च्या कायद्यानं गावं ठरली आणि १९३६ मध्ये नावाला आजचं सरकारी संरक्षण मिळालं. ‘नावात काय आहे’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. कापसाचा किंवा सोयाबीनचा भाव व्यापारी पाडतात म्हणून चिडलेल्या गंगाखेडच्या शेतकऱ्याला तर तो वेगळा समजावून सांगायलाच नको.

तेव्हापासून शॅम्पेनची मंडळी नावावर डोळ्यांत तेल घालून पहारा देतात. ईव्ह साँ लोराँ या फॅशनच्या कंपनीनं १९९३ मध्ये ‘शॅम्पेन’ नावाचं अत्तर काढलं, तर पॅरिसच्या न्यायालयानं ते नाव काढायला लावलं. ‘शॅम्पेनच्या पद्धतीनं केलेली’ असं दुसऱ्या वाईनच्या लेबलवर लिहायलाही युरोपात १९९४ पासून मनाई आहे. ‘पारंपरिक पद्धत’ असं लिहावं लागतं. आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये. त्याच कायद्याखाली पैठणी, बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी आणि मराठवाड्याचा केसर आंबा यांची नोंद आहे, आणि शॅम्पेनचीही. तेव्हा भारतातही दुसऱ्या कुठल्या बाटलीवर ते नाव चालत नाही. सिल्लोडच्या मोसंबीला कुणी जालन्याची म्हणू लागलं तर जालनेकर गप्प बसतील का? तसंच हे आहे.

आता भाच्याकडे वळू. महाराष्ट्रात बाटलीत आंबवलेली फेसाळ वाईन पहिल्यांदा नाशिकला झाली असं बरेच लोक समजतात. तो मान पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचा. शामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात तिथे शातो इंडाज ही वायनरी उभी केली, शॅम्पेनमधल्या पायपर हाइडसिक या जुन्या घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेतलं आणि तयार झालेली वाईन ‘ओमर खय्याम’ या नावानं परदेशात पाठवली. द्राक्षाची वाईन मराठी मातीत होऊ शकते, हे तिनं दाखवलं. ती कंपनी पुढे टिकली नाही. मग २००० साली राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाईन गंगापूर धरणाजवळच्या बागेतून आली, २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणून करात सवलती दिल्या, आणि नाशिक, दिंडोरी, निफाड पट्ट्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या. ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावालाही आता स्वतःचं मानांकन आहे.

दिंडोरीचं म्हणाल, तर तिथे आलेली कंपनी खुद्द शॅम्पेन मुलखातलीच. १७४३ पासून शॅम्पेन करणाऱ्या मोएत घराण्याच्या समूहानं २०१३ मध्ये नाशिकच्या द्राक्षांची ‘शाँदों’ ही स्पार्कलिंग वाईन बाजारात आणली. पद्धत तीच, बाटलीतल्या दुसऱ्या आंबण्याची. पण त्यांनीसुद्धा तिला शॅम्पेन म्हटलं नाही, म्हणू शकत नव्हते. सुलाची ब्रूतही याच पद्धतीची. म्हणून या वाईन नक्कल नव्हेत. त्या नाशिकच्या स्पार्कलिंग वाईन आहेत. त्यांच्यात बऱ्याचदा शेनिन ब्लांक हा वाण असतो, जो शॅम्पेनच्या तीन मुख्य वाणांत नाही. उन्हातही आंबटपणा टिकवून धरतो म्हणून नाशिककरांनी तो जवळ केला.

आंबटपणाचं एवढं महत्त्व का, हे कळलं की गंगाखेडचं कोडंही सुटत येतं. फेसाळ वाईनला तरतरी येते ती आम्लामुळे. फ्रान्समध्ये थंडीमुळे द्राक्ष मुळात आंबटच राहतं. आपल्याकडे ऊन वाढलं की पिकणाऱ्या मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्यानं जळतं आणि साखर चढते. शिवाय फ्रान्सची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपली वेल झोपतच नाही. म्हणून महाराष्ट्रात तिला दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करायच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी घ्यायची, म्हणजे घड जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत पिकतो, पावसाळ्यातल्या डाऊनी रोगात सापडत नाही. नाशिकची उंची सहाशे मीटरच्या आसपास, तिथल्या हिवाळी रात्री गार. तरीही स्पार्कलिंगसाठी घड जरा आधीच, आंबट असतानाच, आणि ऊन चढायच्या आत तोडतात.

गोदावरीचा यात फारसा हात नाही. नदी तीच असली तरी त्र्यंबकेश्वरहून गंगाखेडला येईपर्यंत ती बरीच खाली उतरलेली असते आणि तिच्या काठची जमीनही बदललेली असते. तुमची काळी कसदार जमीन कापसाला, उसाला उत्तम. पण पाणी धरून ठेवणाऱ्या खोल काळ्या मातीत वेल पानांनीच माजते. वाईनच्या वेलीला थोडी उपासमार लागते. मुरमाड उतार तिला जास्त मानवतो, तो तुमच्याकडे बालाघाटच्या बाजूला सापडेल. थंडीची मात्र तक्रार करता येणार नाही. हिवाळ्यात राज्याच्या नीचांकी तापमानात परभणीच्या कृषी विद्यापीठाचा आकडा हमखास असतो. अडतं ते पुढे. फेब्रुवारीपासून पारा भराभर चढतो, नेमका मणी भरायच्या वेळी.

म्हणजे मराठवाड्यात जमणारच नाही असं नाही. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं पाणी अडवून द्राक्षाचं गाव म्हणून नाव कमावलं आहे, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजसारख्या उष्ण भागात फ्रातेल्ली ही वायनरी इटालियन भागीदारांसह वाईन करते. पण कडवंचीचं द्राक्ष खाण्याचं. तिथे घड जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात बुडवून मणी फुगवतात, कारण मोठा, बिनबियांचा मणी विकला जातो. वाईनचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. वायनरीनं घेतला नाही तर तो बाजारात कुणी विचारत नाही. २००८ नंतर मागणी घसरली तेव्हा नाशिक भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा याच कारणानं उपटल्या. गंगाखेडच्या जवळपास वायनरी नाही आणि तोडलेलं द्राक्ष तापल्या ट्रकमधून दिवसभराचा प्रवास करून नाशिकला पोचवण्यात अर्थ नाही.

जाता जाता एक. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरलं तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य फार गाजलं. शॅम्पेन असो की शाँदों, तिच्यात साधारण १२ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ती साध्या बिअरच्या दुपटीहून कडक. महाराष्ट्रात ती घ्यायला २१ वर्षं पूर्ण असावी लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. तेव्हा नातवाच्या पुढच्या वाढदिवसालाही सफरचंदाचा रसच आणा. आणि तुमच्या तालुक्यात कुणाला वाईनच्या द्राक्षाची खरंच हौस असेल, तर त्यानं रोपं आणण्याआधी पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात माती-पाण्याचा अहवाल घेऊन जावं आणि वायनरीशी खरेदीचा लेखी करार करावा. लागवड त्यानंतर.